‘शिष्य करा’ हे काम पाळकांचं की आपलं?

धर्मांतरविरोधी कायद्यांची चर्चा वर्तमानपत्रांत सुरू झाली की ख्रिस्ती माणसाला ऑफिसात, सोसायटीत, कधी रिक्षातसुद्धा एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो: "तुमच्याकडे लोकांना धर्मात आणायची आज्ञाच आहे ना?" प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही. पण उत्तर देणारा गडबडतो. ही आज्ञा त्याने उपदेशात असंख्य वेळा ऐकलेली असते. सोमवारी सकाळी तिचं काय करायचं, हे मात्र कोणी शेजारी बसून सांगितलेलं नसतं. कोणाला वाटतं, ते पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं काम. कोणाला वाटतं, नागपुरात सीताबर्डीच्या चौकात पत्रकं वाटणं म्हणजे ते. हे दोन्ही समज बाजूला ठेवून मूळ आज्ञेपासून सुरुवात करू.

आज्ञेत नेमकं आहे काय?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, २८व्या अध्यायाच्या १८ ते २० या ओव्यांत ती येते. पुनरुत्थानानंतर गालीलातल्या डोंगरावर येशू अकरा शिष्यांना भेटतो आणि सांगतो: जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या, आणि मी तुम्हांला जे जे आज्ञापिलं ते पाळायला त्यांना शिकवा. शेवटी वचन देतो की युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

शिष्य म्हणजे येशूच्या सहवासात राहून, त्याचं ऐकून, त्याप्रमाणे आपलं जगणं बदलत नेणारा माणूस. यापुढे हा शब्द याच अर्थाने घ्यायचा. नुसता सभासद किंवा नुसता श्रोता यात बसत नाही. मार्क ३:१४ मध्ये बारा जणांना निवडण्याचं पहिलं कारण दिलं आहे की त्यांनी त्याच्याबरोबर असावं. उपदेशाला पाठवणं त्यानंतर येतं.

आज्ञेतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे ‘पाळायला शिकवा’. क्षमा करावी हे व्यासपीठावरून पंचवीस मिनिटांत सांगता येतं. पण आठ वर्षं न बोललेल्या भावाला फोन कसा करायचा, त्याने फोन आपटला तर दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे शिकवायला आपल्या घरी येणारं-जाणारं, आपला स्वभाव ओळखणारं माणूस लागतं. म्हणून हे काम सामान्य विश्वासणाऱ्यांच्या हातूनच नीट होतं.

आणखी एक बारकावा. त्याच प्रसंगात १७वी ओवी सांगते की शिष्यांनी त्याला नमन केलं, पण काहींना संशय वाटला. त्या संशयी लोकांना वगळून आज्ञा दिलेली नाही. "माझाच विश्वास डळमळीत, मी कोणाला काय शिकवू?" असं म्हणणाऱ्याने ही ओवी सावकाश वाचावी.

ती तर अकरा प्रेषितांना होती!

हा आक्षेप जुना आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात ही आज्ञा प्रेषितांबरोबरच, म्हणजे येशूच्या त्या पहिल्या शिष्यांबरोबरच संपली असं मानणारे बरेच होते. जोडे शिवून पोट भरलेल्या विल्यम केरी या पाळकाने १७९२ मध्ये त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. हाच केरी पुढे बंगालात श्रीरामपूरला राहिला आणि १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं.

उत्तर आज्ञेच्या मजकुरातच आहे. "मी जे जे आज्ञापिलं ते सर्व पाळायला शिकवा" यातल्या ‘सर्व’मध्ये ही आज्ञासुद्धा आली. म्हणजे जो शिकतो, त्याच्याकडे ती आपोआप जाते. आणि युगाच्या समाप्तीपर्यंत अकरा जण काही जगणार नव्हते.

पुढे घडलंही तसंच. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या वधानंतर यरुशलेमेत छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित सोडून बाकीचे सगळे पांगले, आणि हे पांगलेले लोकच वचन सांगत फिरले (प्रेषितांची कृत्ये ८:१, ४). त्यांच्यातलेच काही अंत्युखियाला पोहोचले. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळालं ते याच शहरात, आणि तिथे वचन नेणाऱ्यांची नावंसुद्धा हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने दिलेली नाहीत. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे तंबू करणारं जोडपं. अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला त्यांनी आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (१८:२६). प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता. याच तीमथ्याला पौल लिहितो की तू माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, म्हणजे ते इतरांना शिकवतील (२ तीमथ्य २:२). एका वाक्यात चार पिढ्या.

मग पाळक कशासाठी?

इफिसकरांस पत्र ४:११-१२ नुसार पाळक आणि शिक्षक नेमले आहेत ते पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, सेवेसाठी सिद्ध करायला. सेवा करायची ती सगळ्यांनी.

साधा हिशेब मांडून पाहा. मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या लोकांत, दोनशे कुटुंबं आहेत आणि पाळकांनी प्रत्येकाला आठवड्यातून एक तास द्यायचा म्हटलं, तर दोनशे तास लागतील. आठवड्यात तास असतात १६८. लग्नं, प्रेतक्रिया, दवाखान्यातल्या भेटी, ट्रस्टची कागदपत्रं आणि झोप यांतलं काहीच अजून धरलेलं नाही. पाळकांवर रुसण्याआधी हा हिशेब लक्षात घ्यावा.

आपल्याकडे ही कामाची वाटणी रुजण्यामागे इतिहासही आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे. मिशनच्या काळात शाळा आल्या, दवाखाने आले, आणि पगारी उपदेशक व घरोघरी जाऊन स्त्रियांना वचन शिकवणाऱ्या बायबल वुमनही आल्या. त्यांचं ऋण मोठं आहे. पण ‘सांगणारा पगारी, ऐकणारे आपण’ ही सवयही त्याच काळात लागली. १९७० मध्ये २९ नोव्हेंबरला सहा चर्च-संघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेही नागपुरातच. पगार देणारं मिशन गेलं, सवय राहिली. कॅथलिक चर्चमध्येही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, प्रेषितकार्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला. या बाबतीत पंथापंथांत फारसा वाद नाही.

शिष्य घडतो कसा?

मानेवाड्याच्या एखाद्या दुचाकी गॅरेजमध्ये नवा पोरगा लागतो तेव्हा उस्ताद त्याला इंजिनवर व्याख्यान देत नाही. पहिले काही आठवडे पोरगा पाना हातात देतो आणि बघतो. मग उस्ताद कार्बोरेटर खोलतो, साफ करायला पोराला देतो. नंतर पोरगा खोलतो, उस्ताद बाजूला उभा राहून बघतो. शेवटी उस्ताद चहाला जातो आणि पोरगा गिऱ्हाईक सांभाळतो. त्यानंतर लागणाऱ्या नव्या पोराला पाने ओळखायला तोच शिकवतो.

शिष्य घडवण्याचे टप्पे हेच. तुम्ही प्रार्थना करता, तो ऐकतो. मग दोघं मिळून करता. मग तो करतो, तुम्ही ऐकता. मग तो दुसऱ्या कोणाबरोबर करतो. शास्त्र वाचणं, आजाऱ्याला भेटणं, चूक कबूल करणं, पैशाचा हिशेब स्वच्छ ठेवणं, सगळं असंच. बहुतेक शिष्यत्व-वर्ग पहिल्या टप्प्यावरच अडकतात: वही भरते, प्रमाणपत्र मिळतं, आणि पोराने एकही गाडी खोललेली नसते.

सुरुवात कोणापासून?

अनोळखी माणसापासून नको. आधी घरातली मुलं. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात ६:७ मध्ये घरी बसताना, वाटेने चालताना मुलांशी बोलायला सांगितलं आहे. मग मंडळीतले तीन प्रकारचे लोक पाहा: नुकताच बाप्तिस्मा घेतलेले, दृढीकरणानंतर (विश्वासाची जाहीर कबुली देण्याच्या विधीनंतर) उपासनेतून हळूहळू दिसेनासे झालेले तरुण, आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडून शिकायला किंवा नोकरीला आलेली, खोली करून राहणारी मुलंमुली. या तिसऱ्या गटाकडे मंडळ्यांचं लक्ष फार कमी जातं, हे मला मनापासून खटकतं. रविवारी मागच्या बाकावर बसून ती निघून जातात. त्यांना जेवायलासुद्धा कोणी बोलावत नाही.

संख्या दोन किंवा तीन, तुम्ही धरून फार तर चार. पाचवा आला की कोणीतरी गप्प बसायला लागतो. पुरुषांनी पुरुषांबरोबर, स्त्रियांनी स्त्रियांबरोबर बसावं. अठरा वर्षांखालच्या मुलांबरोबर आईवडिलांना सांगून आणि दार उघडं ठेवूनच.

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी ठरवून टाका: दिवस आणि वेळ, किती आठवडे, आणि इथे बोललेलं इथेच राहील. पुस्तक म्हणून मार्ककृत शुभवर्तमान घ्या. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, अध्याय १६, आणि घडामोडी भराभर पुढे जातात. एका आठवड्याला एक अध्याय म्हणजे साधारण चार महिने. मोठा अध्याय असेल तर त्यातला एकच प्रसंग बैठकीत घ्यायचा, बाकी घरी वाचायचा. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. उत्साह खूप येतो, पण चर्चा भाकितांवर जाते आणि रोजचं जगणं तसंच राहतं.

एक बैठक, जवळून

पाऊण ते सव्वा तास पुरतो. वेळेचे तीन भाग करा.

पहिल्या भागात मागच्या आठवड्याची विचारपूस: कसं चाललंय, आणि ठरवलेलं झालं का? दुसऱ्या भागात शास्त्रभाग दोनदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाने. मग चार प्रश्न: यात देवाविषयी काय दिसतं? माणसांविषयी काय दिसतं? मी काय पाळायचं आहे? हे या आठवड्यात कोणाला सांगू शकेन? तिसऱ्या भागात प्रत्येकाने एक निश्चय बोलून दाखवायचा आणि एकमेकांसाठी प्रार्थना.

समजा, दवाखान्यात काम करणारी परिचारिका आणि तिच्याच मंडळीतली एक ताई मार्क १:२९-३९ वाचत आहेत. येशू पेत्राच्या सासूला बरं करतो, संध्याकाळी दाराशी गाव लोटतं, आणि पहाटे अंधारात उठून तो एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात, "सगळे तुम्हांला शोधत आहेत" म्हणतात. तो मात्र दुसऱ्या गावांना जायचं म्हणतो. तिसऱ्या प्रश्नावर परिचारिका म्हणते, "मी जास्त प्रार्थना करीन." हे उत्तर ताईने तसंच जाऊ देऊ नये. कधी? कुठे? किती वेळ? मग उत्तर बदलतं: "सातची ड्यूटी असेल त्या दिवशी साडेपाचला उठून दहा मिनिटं, फोन स्वयंपाकघरात ठेवून." पुढच्या आठवड्यात कळतं, तीन दिवस जमलं, रात्रपाळीच्या दिवसांत नाही जमलं. इथे रागवायचं नाही आणि "चालतं गं" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. रात्रपाळीनंतर घरी आल्यावर, झोपण्याआधीची दहा मिनिटं धरून पाहायची. पाळायला शिकवणं म्हणतात ते हेच.

ताईलाही स्वतःचा निश्चय सांगावा लागतो, आणि तो मोडला असेल तर तेही. शिकवणाऱ्याने फक्त तपासणी केली तर दोन महिन्यांत समोरचा माणूस खोटं बोलायला लागतो.

कुठे बिघडतं?

सगळ्यांत जास्त बिघडतं ते बोलण्याच्या प्रमाणात. एका तासात तुम्ही चाळीस मिनिटं बोललात तर तो उपदेश झाला. निम्म्याहून कमी बोला. प्रश्न विचारून दहा सेकंद गप्प राहायची सवय लावा. सुरुवातीला ते दहा सेकंद फार लांब वाटतात.

दुसरं, पैसा. सोबत बसणाऱ्याला उसने पैसे देऊ नका आणि त्याच्याकडून घेऊही नका. खरी गरज असेल तर मंडळीच्या मदतनिधीतून, दोन जबाबदार माणसांच्या माहितीने मदत व्हावी. कर्ज आलं की प्रामाणिक बोलणं थांबतं, आणि हप्ता चुकला की माणूस बैठकीलाही येत नाही.

तिसरं, फुटलेलं गुपित. "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरी असं असं चाललंय" अशा प्रार्थनेच्या निमित्ताने बातमी महिला मंडळापर्यंत पोहोचते आणि तो माणूस कायमचा मिटतो. एक अपवाद मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर गुप्तता पाळली जाणार नाही. नैराश्य, व्यसन, मारहाण यांसाठी डॉक्टर, समुपदेशक, पोलीस आहेत. तुम्ही सोबत जा, पण त्यांची जागा घेऊ नका.

चौथं, व्हॉट्सॲप. रोज सकाळी वचनाचं चित्र पाठवणं सोपं आहे, आणि त्याने काम झाल्यासारखं वाटतं. ग्रुप फक्त वेळ ठरवायला वापरा.

पाचवं, आकड्यांचा मोह. दर वर्षी प्रत्येकाने एक शिष्य केला तर दहा वर्षांत एकाचे १०२४ होतील, असा तक्ता शिबिरांत दाखवतात. गणित बरोबर आहे, पण माणसं आजारी पडतात, बदली होऊन जातात, मागे फिरतात. येशूच्या बारांतही एक गेला. या तक्त्याच्या नादी लागलेला माणूस सोळा आठवड्यांचं काम चार आठवड्यांत उरकतो आणि पहिली पिढीच कच्ची राहते.

हे धर्मांतर घडवणंच नाही का?

हा प्रश्न टाळू नये. ख्रिस्ती माणूस आपल्या प्रभूविषयी इतरांना सांगतो, आणि ऐकून कोणी येशूच्या मागे जायचं ठरवलं तर त्याला आनंद होतो. हे लपवण्यासारखं नाही. पण कोणाला ओढून आणण्याचा अधिकार ना शास्त्र देतं, ना देशाचा कायदा.

संविधानाचा अनुच्छेद २५ प्रत्येकाला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतो. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या १९६८ च्या कायद्यावरून झालेल्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांना जागा नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. नोकरी, शाळाप्रवेश, रेशन, उपचार यांतलं काहीही विश्वासाशी जोडायचं नाही. "प्रार्थना केली तर गोळ्या बंद करता येतील" असं कधीही म्हणायचं नाही. ते धोक्याचंही आहे आणि खोटंही. दुसऱ्याच्या देवतांविषयी, संतांविषयी, बाबासाहेबांविषयी तुच्छतेने बोलायचं नाही. दीक्षाभूमीच्या या शहरात, विचार करून, स्वतःच्या निर्णयाने धर्म स्वीकारण्याला काय किंमत असते हे कोणाला वेगळं सांगायला नको. विचारल्यावर उत्तर द्या, सौम्यतेने आणि आदराने, असं १ पेत्र ३:१५ सांगतं. समोरचा "नको" म्हणाला की विषय तिथेच थांबवा आणि मैत्री चालू ठेवा. बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली तर ती तुम्ही ठरवू नका. पाळकांकडे न्या, घरच्यांशी बोलायला वेळ द्या, आणि राज्यात लागू असलेल्या कायद्यातल्या अटी पाळकांनी वकिलाकडून समजून घ्याव्यात.

काही माणसं येशूवर मनापासून प्रेम करतात पण बाप्तिस्म्यापर्यंत येत नाहीत. त्यांना तोडू नये. नागपुरातही काही काळ राहिलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांसाठी होता. बाप्तिस्मा हा आज्ञेचाच भाग आहे, पण घाई हा नाही.

मला शास्त्र कुठे एवढं येतं?

विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीचं येशूशी एकच संभाषण झालं होतं आणि ती घागर टाकून गावाला सांगायला गेली. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, पाळकांना विचारून पुढच्या आठवड्यात सांगतो" म्हणा, आणि खरंच विचारून या. उत्तर ठोकून देण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. समोरच्यापेक्षा दोन अध्याय पुढे असलात तरी पुरतं.

आपल्याकडे गुरू-शिष्याची मोठी परंपरा आहे, त्यामुळे उलटाही धोका असतो. कोणाशी लग्न करावं, कोणती नोकरी धरावी हे सोबत बसणाऱ्याने तुम्हांला विचारून ठरवायला सुरुवात केली, तर काहीतरी चुकतंय. येशूने मत्तय २३:८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे: तुमचा गुरू एक, तुम्ही सगळे भाऊ. माणूस त्याचा शिष्य आहे, तुमचा नाही. म्हणून तुम्ही कोणाबरोबर, कधी, कुठे बसता हे पाळकांना माहीत असू द्या, आणि तुम्हांला चूक दाखवणारंही एक माणूस ठेवा.

सोळा आठवडे झाल्यावर

मार्क संपलं की लगेच दुसरं पुस्तक उघडू नका. शेवटच्या दोन बैठका त्याला घ्यायला लावा, तुम्ही फक्त ऐका. मग त्याला विचारा, आता तू कोणाबरोबर वाचशील? नाव त्याने सुचवायचं. त्याच्या नव्या बैठकीला पहिल्या दोन वेळा जा, कोपऱ्यात बसा, आणि त्याचं एखादं वाक्य चुकलं तरी तिथे दुरुस्त करू नका, परतताना बोला. तिसऱ्या आठवड्यापासून जाऊ नका. महिन्यातून एकदा चहाला भेटा आणि तीनच गोष्टी विचारा: तू स्वतः काय वाचतोयस, घरी कसं चाललंय, आणि ज्याच्याबरोबर बसतोस त्याचं कसं आहे. एखाद्याने मध्येच यायचं बंद केलं तर आठवडाभर थांबून एक फोन करा, कारण विचारू नका, जेवायला बोलावा.